कानातलं घराणं

१८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लाएनेक या डॉक्टरकडे हृदयाचा त्रास असलेली एक तरुणी आली. त्या काळी छातीला थेट कान लावून ऐकायची रीत होती. पण रुग्ण तरुण बाई, त्यात अंगाने भरलेली. कान लावणं अवघड, आणि लावूनही काही ऐकू येईल याची खात्री नाही. लाएनेकने जवळचे कागद घट्ट गुंडाळून त्यांची नळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवलं आणि दुसऱ्याला आपला कान लावला. ठोके नुसत्या कानाला येत त्याहून स्वच्छ ऐकू आले. पुढे त्याने लाकडी नळी बनवली आणि १८१९ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला.

पाठ्यपुस्तकांत तो स्टेथोस्कोपचा जनक. मला तो आणखी एका धंद्याचा मूळपुरुष वाटतो: कानाला काहीतरी लावून ऐकायचं आणि ऐकलेलं शब्दांत पकडायचं. लाएनेक स्वतः बासरी वाजवायचा, त्यामुळे कान तयार. छातीतल्या एका आवाजाला त्याने बकरीच्या बें-बेंची उपमा दिली. दुसरा आवाज त्याला धातूच्या किंवा चिनी मातीच्या पेल्यात वाळूचा कण पडावा तसा किणकिणता वाटला. आज दोन-अडीच लाखांचा इअरफोन घालून ‘ट्रेबलला चकाकी आहे, पण खालचे स्वर जरा कोरडे’ असं लिहिणारा रसिक याच माणसाचा वारस आहे. फरक एवढाच, की लाएनेकला आपल्या नोंदी शवविच्छेदनात पडताळून पाहता येत. आपल्या नोंदींची सोय मेल्यावरही नाही.

कानाच्या भोकात बसणारे हे महागडे इअरफोन (जाणकार त्यांना आयईएम म्हणतात) गेली काही वर्षं मी जमेल तिथे, जमेल त्याच्याकडून मागून ऐकतो आहे. ऐकता ऐकता त्यांच्या पूर्वजांकडे लक्ष गेलं, आणि लक्षात आलं की हे घराणं मुळात संगीताचं नाहीच. दवाखाना, टेलिफोन, नौदलाची जहाजं, कमी ऐकू येणाऱ्यांची यंत्रं आणि सगळ्यात शेवटी रॉकचा रंगमंच, असा याचा वंश आहे. आणि गाण्याच्या घराण्यात गुरूची लकब शिष्याच्या गळ्यात उतरते, तसे या पूर्वजांचे गुणदोष आजच्या आवाजातही ऐकू येतात.

लाएनेकची नळी एका कानाची. १८५२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॅमनने दोन्ही कानांत बसणारा स्टेथोस्कोप प्रचारात आणला आणि ‘दोन नळ्या, दोन टोकं, मधे माणसाचं डोकं’ हा आकार पक्का झाला. एडिसनच्या फोनोग्राफने तोच उचलला. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅले रॉयाल नावाच्या दारूच्या गुत्त्यात लुई ग्लासने नाणं टाकून चालणारा फोनोग्राफ ठेवला. त्याला ऐकायच्या चार नळ्या होत्या आणि प्रत्येक नळीला पाच सेंट. एकाच्या कानातून काढलेली नळी दुसऱ्याने कानात घालायची, म्हणून शेजारी पुसायला टॉवेल टांगत. इअरफोनच्या टिपा साबणाच्या पाण्याने धुणाऱ्या आजच्या सोवळ्या मंडळींची परंपरा इथली.

पण दोन कानांना दोन वेगळे आवाज द्यायची कल्पना दवाखान्यातून आली नाही. ती टेलिफोनवाल्यांची. १८८१ मध्ये पॅरिसला विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. क्लेमाँ आदेरने ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेने मायक्रोफोन मांडले आणि तारांवरून आवाज प्रदर्शनाच्या इमारतीत आणला. प्रत्येक श्रोत्याच्या हातात दोन टेलिफोन, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. आणि दोन्ही रंगमंचाच्या वेगवेगळ्या भागांना जोडलेले. लोक रांगा लावून आले आणि चक्रावून परत गेले. गायक एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकला तर ते सरकणं ऐकू येत होतं! विज्ञानाच्या नियतकालिकांतून याची वर्णनं छापून आली. आज समीक्षक ‘साउंडस्टेज’बद्दल जे पानंच्या पानं लिहितात, त्याचा पहिला मसुदा हाच. त्या नोव्हेंबरात व्हिक्तर ह्युगोही ऐकून गेला. १८९० पासून या सोयीची रीतसर कंपनी झाली. हॉटेलांत पन्नास सांतीम टाकून पाच मिनिटं ऑपेरा ऐकता येई. मार्सेल प्रूस्तने १९११ मध्ये घरी जोडणी घेतली होती. रेडिओ आल्यावर, १९३२ मध्ये, कंपनी मिटली.

याच काळात एर्नेस्त मर्काद्ये या फ्रेंच अभियंत्याने टेलिफोन चालवणाऱ्यांसाठी कानात घालायचा जोड बनवला. १८९१ च्या त्याच्या पेटंटमध्ये वजन पन्नास ग्रॅमच्या आत असल्याचं नमूद आहे, आणि कानात जाणाऱ्या टोकांवर रबराची टोपी. ती कशासाठी? कानाला घासू नये आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. सिलिकॉनच्या टिपांच्या डब्यांवर आजही हेच दोन फायदे छापतात. सव्वाशे वर्षांत जाहिरातीच्या मजकुरात फारशी भर पडलेली नाही.

पुढचा पूर्वज जरा विक्षिप्त आहे. अमेरिकेच्या युटा राज्यातला नॅथॅनिएल बाल्डविन. १९१० मध्ये त्याने नौदलाला निळ्या-गुलाबी कागदावर जांभळ्या शाईत पत्र लिहिलं आणि सोबत आपला हेडफोन धाडला. नौदलाने तपासला तर तो त्यांच्याकडच्या कुठल्याही नगापेक्षा सरस निघाला. मागणी गेली, तेव्हा बाल्डविनने कळवलं की एका वेळी दहाच नग पुरवता येतील, कारण माल स्वयंपाकघरात बनतो. त्याच्या हेडफोनचं मर्म असं: दोन चुंबकांच्या मधोमध तोलून धरलेली लोखंडाची बारीक पट्टी, पट्टीला जोडलेली काडी आणि काडीला अभ्रकाचा पातळ पडदा. भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून सिग्नल गेला की पट्टी किंचित हलते, काडी पडद्याला ढकलते. तोलून धरलेली असल्यामुळे अगदी क्षीण सिग्नललाही ती जागी होते. समुद्रावर दूरच्या जहाजाची टकटक ऐकायची तर हेच हवं होतं. या रचनेचं नाव बॅलन्स्ड आर्मेचर. पुढचं निम्मं कथानक याच पट्टीचं आहे.

क्षीण सिग्नलवरून आठवलं. मुंबईत १९२३ मध्ये रेडिओ क्लबचं प्रक्षेपण झालं आणि २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. तेव्हा ज्याला व्हॉल्व्हचा रेडिओ परवडत नसे, त्याच्याकडे क्रिस्टल सेट असे. त्याला बॅटरी नाही, वीज नाही. हवेतून एरियलने पकडलेल्या लहरींतली जेवढी ताकद तेवढ्यावरच चालायचं. एवढ्याशा ताकदीवर स्पीकर बोलत नाही, हेडफोनच बोलतो. म्हणजे मुंबईतल्या पहिल्या रेडिओश्रोत्यांपैकी अनेकांनी गाणं ऐकलं ते दोन्ही कान झाकून, एकट्याने. रेडिओभोवती जमलेलं कुटुंब हे चित्र त्यानंतरचं.

आता मुख्य घर. १९४६ मध्ये ह्यू नोल्सने शिकागोच्या परिसरात कंपनी काढली आणि ती श्रवणयंत्रांचे सुटे भाग बनवू लागली. १९५२-५३ पासून श्रवणयंत्रांत ट्रान्झिस्टर आला, तशी छातीवर टांगायची डबी लहान होत चष्म्याच्या काडीत शिरली, मग कानामागे गेली, मग कानात. प्रत्येक पायरीला आतला स्पीकर आणखी बारीक करणं भाग होतं, आणि तो इवल्याशा बॅटरीवर दिवसचे दिवस चालायला हवा. नोल्सच्या लोकांनी तीच तोलून धरलेली पट्टी तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या धातूच्या पेटीत बसवली. नेहमीच्या स्पीकरमध्ये तारेचं वेटोळं पडद्याला चिकटवलेलं असतं आणि दोघं मिळून पुढेमागे होतात. इथे वेटोळं जागच्या जागी, हलते ती फक्त पट्टी. त्यामुळे वीज अगदी कमी लागते. पण पट्टीची चाल एवढीशी, की ती फार हवा हलवू शकत नाही. बंद कानात त्याने बिघडत नाही, कारण टिप आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवा असते ती एक-दोन घन सेंटिमीटर. टिप नीट बसली नाही, बारीकशी फट राहिली, की मात्र बेस पहिल्यांदा पळून जातो. ‘या इअरफोनला बेसच नाही’ अशा नोंदींपैकी किती फटीच्या असतात, हा अभ्यासाचा विषय आहे.

या पेट्या बोलणं ऐकण्यासाठी घडवलेल्या. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं समजायची तर दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपासचा पट्टा सगळ्यात मोलाचा. तो त्यांच्यात ठळक. त्याखालचा घुमारा आणि वरची हवा यांचं श्रवणयंत्राला फारसं सोयरसुतक नव्हतं. हा समज मोडायला त्याच कंपनीतला एक माणूस पुढे आला. मीड किलियन नोल्समध्ये काम करत होता. १९७९ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्याने डॉक्टरेट केली आणि प्रबंधाचा विषयच घेतला हाय-फाय श्रवणयंत्र. ज्याला कमी ऐकू येतं त्यालाही संगीत चांगलंच हवं असतं, हे त्याचं म्हणणं साधं होतं, पण उद्योगाला पटायला वेळ लागला. १९८३ मध्ये त्याने एटिमोटिक रिसर्च ही कंपनी काढली. पहिला माल दवाखान्यासाठीच: श्रवणतपासणीत कानात फोमची टिप घालून त्यातून सूर सोडायचे, तशी उपकरणं. मग १९८८ मध्ये वादकांसाठी कानाचे बोळे, जे सगळ्या पट्ट्यांतला आवाज सारखाच, १५ डेसिबलने, कमी करतात. कापसाचा बोळा वरचे स्वर जास्त खातो आणि सगळं गढूळ होतं; इथे संगीत तसंच राहतं, फक्त लांब जातं. आणि १९९१ मध्ये ईआर-४.

ईआर-४ ला मी या घराण्याचा खरा संस्थापक मानतो. यात एकच बॅलन्स्ड आर्मेचर, आणि तीन झालरींची टिप, जी कानात इतकी खोल जाते की पहिल्यांदा घालणारा दचकतो. ही खोली हौसेची नाही. माणसाच्या कानाचा बोगदा साधारण अडीच सेंटिमीटरचा. उघडा असताना तो तीन हजार हर्ट्झच्या जरा खाली स्वतःच घुमतो. आपल्या मेंदूला या घुमण्याची जन्मापासून सवय. बोगद्याला बूच लावलं की ते घुमणं नाहीसं होतं आणि त्याऐवजी टिप आणि पडदा यांच्यामधल्या छोट्या पोकळीचं नवं घुमणं वर, सात-आठ-नऊ हजारांच्या आसपास, तयार होतं. किलियनने ईआर-४ मध्ये गेलेलं घुमणं मुद्दाम भरून दिलं, आणि टिप खोल नेली की नवं घुमणं आणखी वर ढकललं जातं. तपासणीच्या खोलीत वर्षानुवर्षं कान मोजणाऱ्याने केलेला हा इअरफोन आहे, आणि तो तसाच वाजतो.

मल्लिकार्जुन मन्सूरांचं ध्वनिमुद्रण यावर ऐकलं की त्यांची अक्षरं कानाच्या पडद्याजवळ उमटतात. ताना दाणा न् दाणा मोकळ्या. हार्मोनियमच्या भात्याचा श्वास, तबल्याच्या चाटेवरचं बोट, सगळं जागच्या जागी. डग्ग्याचा घुमारा मात्र सांगितल्यासारखा येतो, अंगाला लागत नाही. पहिल्यांदा ऐकताना मला हे कंजूषपणाचं वाटलं होतं. पूर्वज कळल्यावर तक्रार उरली नाही. बोलणं समजावं म्हणून जन्मलेल्या पट्टीकडून शब्दच पहिल्यांदा मिळणार.

दुसरी शाखा रंगमंचाची. रॉकच्या कार्यक्रमात वादकांच्या पायाशी तिरके स्पीकर ठेवत, त्यांना आपलंच वाजवणं ऐकू यावं म्हणून. ढोल वाढला की गिटारवाला आपला आवाज वाढवून मागतो, मग गायक मागतो, आणि तासाभरात सगळे बहिरे व्हायच्या वाटेवर. त्यावर उपाय म्हणून आवाज थेट कानात द्यायची खटपट स्टीफन अँब्रोझने केली. १९७० च्या दशकात स्टीव्ही वंडर त्याचे कानातले मॉनिटर वापरत होता. पण कान बंद करून गाणं गायकाला जड जातं. बोटं कानात घालून ‘आऽऽ’ म्हणून पाहा. स्वतःचा आवाज कवटीत ढोलासारखा घुमतो, कारण हाडांतून बोगद्यात आलेले खालचे स्वर बाहेर निसटत नाहीत. आपल्याकडे सिनेगीतांच्या मोठ्या कार्यक्रमांत गायकांच्या कानात आयईएम सर्रास दिसतात. ख्याल गाणारे बहुतेक अजून समोरचा मॉनिटर आणि मागचे तानपुरेच पसंत करतात. त्यामागे सवय आहे, तसंच हे घुमणंही असावं. स्वर लावताना दोन श्रुतींचा फरक जोखणाऱ्याला कवटीतला ढोल परवडत नाही.

१९९५ मध्ये व्हॅन हेलन या बँडचा मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी होता. ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनला मिळणारे कानातले मॉनिटर पसंत पडेनात. हार्वीने कानाच्या ठशावर बेतलेल्या कवचात दोन ड्रायव्हर, म्हणजे दोन इवले स्पीकर, बसवले, एक खालच्या स्वरांना, एक वरच्या, आणि मधे वाटणी करणारं सर्किट. घरच्या स्पीकरच्या पेटीत असतं तेच, फक्त बोराच्या आठळीएवढं. यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी निघाली. घडणीचं काम कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या वेस्टोन कंपनीकडे होतं, जी १९५९ पासून श्रवणयंत्रांचे कानसाचे बनवत आली होती. म्हणजे रॉकवाल्यांनाही शेवटी त्याच दारात जावं लागलं. आत बसणाऱ्या पेट्या श्रवणयंत्रांच्या, आणि ठसा घेणारा बहुधा श्रवणतज्ज्ञच.

ठसा घ्यायचा अनुभव एकदा घ्यावा. आधी कानात डोकावून मळ पाहतात, मग दोरा बांधलेला फोमचा गोळा आत सरकवतात, म्हणजे लगदा पडद्यापर्यंत जाणार नाही. मग पिचकारीने दोन सिलिकॉनचं मिश्रण भरतात आणि दातांत ठोकळा धरायला सांगतात, कारण जबडा हलला की बोगद्याचा आकार बदलतो. जग हळूहळू बंद होत जातं आणि पाच-एक मिनिटं आपलं रक्त वाहिल्याचं ऐकत बसायचं. दातांच्या कवळ्या करणाऱ्यांना हे तंत्र परकं नाही. टोकियोतल्या सुयामा डेंटल लॅबोरेटरीने ‘फिटइअर’ नावाने आयईएम काढले आणि जपानी हौशींनी ते डोक्यावर घेतले.

वॉकमनचं नाव अजून आलं नाही म्हणून कोणी खट्टू होईल. १९७९ चा वॉकमन, १९८२ मध्ये सोनीने काढलेली कानाच्या पाळीत अडकवायची बटणं, २००१ च्या आयपॉडची पांढरी वायर: रस्त्यावर कानात काहीतरी घालून हिंडायची लाज यांनी घालवली, हे उपकार मोठेच. पण ती बटणं भोकाच्या बाहेर बसतात, कान बंद करत नाहीत, आणि त्यांचा ड्रायव्हर वेगळ्या जातीचा. या घराण्यात ती लग्नाने आलेली मंडळी. आयपॉडमुळे झालं असं, की रंगमंचावरची वस्तू विकत घ्यायला वादक असण्याची गरज उरली नाही.

तिथून ड्रायव्हरांची शर्यत लागली. हार्वीने २००७ मध्ये जेएच ऑडिओ काढली. जेएच-१३ मध्ये एका कानाला सहा ड्रायव्हर, जेएच-१६ मध्ये आठ, रॉक्सॅनमध्ये बारा. अमेरिकेतल्याच ६४ ऑडिओने यू-१८टी मध्ये अठरा घातले आणि किंमत तीन हजार डॉलरला टेकवली. एक पट्टी फार हवा हलवू शकत नाही म्हणून जास्त पट्ट्या, आणि सगळे स्वर एकीला झेपत नाहीत म्हणून कामाची वाटणी. एकत्र कुटुंबासारखं आहे हे: माणसं वाढली की कामं वाटून घेता येतात, पण कोणाचं काम कुठे संपतं यावरून कुरबुरी सुरू होतात. कुरबूर ऐकूही येते. आठ ड्रायव्हरांच्या एका आयईएमवर (नाव घेत नाही, उसना आणलेला होता) किशोरी आमोणकरांचा भूप लावला, तर आवाजाचं अंग एका जागी आणि ‘स’कार वीतभर पुढे. सुटा सुटा प्रत्येक तुकडा सुरेख, पण गाणारी बाई एक वाटेना.

चांगले कारागीर यावर नाना युक्त्या काढतात. शूरने २०१३ च्या एसई-८४६ मध्ये बेसच्या ड्रायव्हरपुढे स्टेनलेस स्टीलच्या दहा पातळ पत्र्यांची नागमोडी वाट केली. तिच्यातून जाताना वरचे स्वर गळून पडतात आणि खालचेच पुढे पोचतात. त्याच कंपनीने २०१५ मध्ये केएसई-१५०० काढला, स्थिर विद्युतेवर चालणारा, ज्याच्या तारेतून २०० व्होल्ट कानापर्यंत येतात. मी जपूनच ऐकला असता, पण योग आला नाही. ६४ ऑडिओवाल्यांनी बंद कानातला हवेचा दाब सोडायची खिडकी ठेवली, आणि तिच्या मुळाशी पुन्हा तोच स्टीफन अँब्रोझ आहे. २०११ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं की बंद कानात हा दाब पडद्याला ताणून धरतो आणि ऐकणं बदलतं. सुरुवातीला या कंपनीने त्याच्याच तंत्राच्या खिडक्या बसवल्या, मग स्वतःच्या केल्या.

यू-१८टी मात्र मी एका ध्वनिमुद्रण करणाऱ्या मित्राकडे निवांत ऐकला. तानपुऱ्याच्या चारही तारा चार ठिकाणी, जवारीची प्रत्येक लाट सुटी मोजता यावी अशी. गायकाने आवंढा गिळला, साथीदाराने मांडी बदलली, मागे कोणीतरी डबी उघडली, तेही आलं. अर्धा तास थक्क व्हायला होतं. त्यानंतर मला जाणवू लागलं की मी राग ऐकत नाही, छाती तपासतो आहे. याच्या उलट सेनहायझरचा आयई-८००, ज्यात सात मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर, तोही साध्या, वेटोळ्याच्या जातीचा. डग्ग्यावर तळवा घासत नेल्यावर निघणारी मींड त्यावर अखंड येते, तबला एका माणसाने वाजवल्यासारखा वाजतो. तपशील कमी, पण माणसं जास्त. ख्यालासाठी मी हा निवडीन. चित्रपटसंगीताच्या पन्नास व्हायोलिनांसाठी अठरावाला.

या माझ्या नोंदी. तुमच्या कानात वेगळ्या उमटतील, आणि त्यात नम्रतेचा भाग काही नाही. बोगद्याची लांबी, रुंदी, वळण प्रत्येकाचं निराळं. सात-आठ हजारांवरचं ते घुमणं टिप दोन मिलिमीटर आतबाहेर झाली तरी सरकतं. एकाला जी चकाकी तीच दुसऱ्याला सुई. शिवाय अनेक ड्रायव्हरांच्या आयईएमचा विद्युतरोध स्वरागणिक वरखाली होतो, त्यामुळे ज्या यंत्राला तो जोडला त्याचा स्वतःचा रोध जास्त असेल तर आवाजाचा तोलच बदलतो. दोन माणसं, दोन फोन, एकच आयईएम, आणि दोघंही खरं बोलत असतात. हरमन कंपनीच्या शॉन ऑलिव्हने श्रोत्यांना बसवून, चाचण्या घेऊन, बहुतेकांना आवडेल अशी इन-इअरच्या वारंवारितेच्या आलेखाची रेषा काढली. तिची सुधारित आवृत्ती २०१९ ची. कंपन्या आता कृत्रिम कानात आपला माल मोजून तो या रेषेच्या जवळ नेतात. कृत्रिम कान सगळ्यांचा एकच असल्यामुळे भांडण मिटतं, निदान कागदावर. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट याने २८३ हेडफोन-इअरफोनांची मोजमापं किमतींशी ताडून पाहिली. वारंवारितेचा आलेख आणि किंमत यांच्यात काही संबंध सापडला नाही.

चीनच्या कारखानदारांनी यातून बोध घेतला. रेषा उघड आहे, ड्रायव्हर मिळतात, साचे स्वस्त. २०२२ मध्ये सेव्हनहर्ट्झचा झीरो वीस डॉलरच्या आसपास आला आणि मोजमापात भल्याभल्यांच्या पंगतीत बसला. मी तो दादरच्या गर्दीत बिनधास्त घालतो. हरवला तर हळहळ, पण झोप उडणार नाही. तो अठरा ड्रायव्हरांएवढा चांगला नाही. दीडशेपट वाईट तर अजिबातच नाही. महागड्या जोडात जे जास्तीचं मिळतं ते आलेखात धड दिसत नाही आणि कानाला मात्र जाणवतं, असा माझा अनुभव आहे. त्याचे दोन लाख द्यायचे का, हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न.

मधल्या काळात श्रवणयंत्रांच्या बाजूनेही हालचाल झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रो साठी श्रवणयंत्राचं सॉफ्टवेअर मंजूर केलं. सौम्य ते मध्यम बहिरेपणा असलेला माणूस गाण्याचा इअरफोनच श्रवणयंत्र म्हणून घालू शकतो. किलियनने १९७९ मध्ये धरलेला हट्ट उलट्या दिशेने पुरा झाला म्हणायचा.

राहता राहिल्या जुन्या तबकड्या. व्हॉयेजर यानावर गेलेली केसरबाई केरकरांची भैरवी साडेतीन मिनिटांची. त्या काळच्या मुद्रणात पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाण्यापेक्षा खरखरच जास्त. अठरा ड्रायव्हरांतले वरचे सगळे ती खरखर इमानेइतबारे, बारीक नक्षीसह, कानात ओततात. खालचे बहुतेक बसून राहतात, कारण खाली काही मुद्रितच नाही. जे आहे ते सगळं मधे, माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात. तिथे ईआर-४ ला तोड नाही. केसरबाईंचा तो खडा, सरळ आकार कुठल्याही सजावटीशिवाय समोर येतो. मी तोच लावतो, आणि झालरी एवढ्या खोल घालायचा कंटाळा आला की सरळ स्पीकर.